कट्ट्यामागच्या भिंतीला काय लावायचं? टाइल, काच की क्वार्ट्ज (काम सुरू आहे, लवकर सांगा)

नव्या_घरात:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात साळोखेनगरला फ्लॅट घेतलाय आणि किचनचं काम निघालंय. कट्टा जेट ब्लॅक ग्रॅनाइटचा, तो बसला. ट्रॉल्यांची मापं गेली. गाडी अडलीय ती कट्ट्यामागच्या भिंतीवर. एल आकार आहे: नऊ फुटांच्या बाजूला शेगडी, सहा फुटांच्या बाजूला सिंक आणि त्याच्यावर खिडकी. कट्ट्यापासून वरच्या कपाटापर्यंत दोन फूट जागा.

फर्निचरवाला म्हणतो मागून रंगवलेली काच लावा, एकदम मॉडर्न दिसतं. गवंडी म्हणतो, वहिनी, गप एक बाय दोनची टाइल लावा. आमच्या ह्यांना मोबाईलवर बघितलेलं पांढरं क्वार्ट्ज पाहिजे. सासूबाईंचं एकच म्हणणं, "पुसाय सोपं असूदे." कट्टा काळा आणि खिडकी एकच, त्यामुळे भिंत फिकट हवी एवढं माझं नक्की आहे. घरात मटण वरचेवर, फोडणी रोज दोन वेळा. बजेट ताणून ताणून संपत आलंय. काय करू?

निव्वळ_वाचक:
सासूबाईंचं ऐका. धागा संपला.

गवंडीपुत्र:
वहिनी, तुमचा गवंडी बरोबर सांगतोय, पण अर्धंच सांगतोय. मी टाइल बसवायचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही त्या भिंतीला डॅडो म्हणतो. डॅडोवर तेल उडतं, वाफ बसते, हळद लागते आन् वर रोज घासणी. चकचकीत टाइल ह्या सगळ्याला पुरून उरते. मरतंय ते ग्राउट, म्हणजे टाइलांच्या सांध्यात भरतात ते. कुठल्या पण जुन्या किचनात जाऊन बघा, टाइल अजून नवी दिसती आन् मधल्या रेघा काळ्याकुट्ट. तेव्हा टाइल कुठली ह्याच्या आधी सांधा कुठं येतोय ते बघा. त्या मोबाईलवरच्या विटांसारख्या लहान सबवे टाइल्स, मोझेक, सहा कोनी डिझाइन, हे सगळं दिसायला झ्याक. पण फोडणी उडाय लागली की प्रत्येक रेघ ब्रश घेऊन घासाय लागती.

माझ्या हातात असतं तर असं करीन. शेगडीमागं दोन बाय चारची व्हिट्रिफाइड टाइल आडवी, अख्खी, न कापता. चार फुटांत शेगडी आरामात मावती, सांधा एक पण नाही. बाकीच्या भिंतीला त्याच रंगाची एक बाय दोनची सिरॅमिक. ती कुठल्या पण दुकानात पन्नास-साठ रुपये फुटाच्या आत मिळती.

आता एक गोष्ट जी दुकानात सांगत नाहीत. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिती, वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर. व्हिट्रिफाइड अर्धा टक्का पण पीत नाही. म्हणून सिरॅमिक सिमेंटच्या घोळावर धरती आन् व्हिट्रिफाइड आज ना उद्या सुटती. तिला टाइल अधेसिव्हच पाहिजे. पोत्यावर आयएस १५४७७ हा मानकाचा नंबर लिहिलाय का बघून घ्या. गवंडी "काय होत नाही वहिनी, सिमेंटवर बसवतो" म्हणाला तर ऐकू नका.

नव्या_घरात:
दादा, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. पण दोन बाय चार आडवी लावली तर उंची दोन फूट होणार. चिमणीखाली पुरेल का?

गवंडीपुत्र:
बरोबर पकडलंत. चिमणी शेगडीच्या वर सव्वादोन-अडीच फुटांवर येती, आन् शेगडीची स्वतःची उंची धरली तर कट्ट्यापासून आणखी जास्त. म्हणजे आडव्या टाइलच्या वर सहा-आठ इंच भिंत उघडी राहती. तिथं त्याच टाइलची कापून पट्टी लावायची. सांधा येतो, पण दोन फुटांवर येतो, बर्नरच्या मागं येत नाही. उलट टाइल उभी लावली तर दोन टाइलांच्या मधली रेघ बरोब्बर शेगडीच्या मागं. लई जणांकडं असंच केलेलं बघतोय मी.

रेषा_आणि_भिंत:
अंतर्गत सजावटीचं काम करते, म्हणून काचेची बाजू मांडते. काचेला सरसकट नावं ठेवली जातात ते काही पटत नाही. नऊ फुटांच्या भिंतीला दोनच तुकडे, ग्राउट नावाला नाही, ओल्या फडक्याने एक हात फिरवला की भिंत स्वच्छ. एकच खिडकी असलेल्या स्वयंपाकघरात ती उजेड परत टाकते, हा फायदा टाइलपेक्षा नक्कीच मोठा.

मात्र फर्निचरवाला कुठली काच लावणार हे लेखी घ्या. बाजारात जी चार मिलीमीटरची लॅकर्ड, म्हणजे मागून रंगवलेली काच तयार मिळते ती साधी असते, कपाटाच्या दारांना ठीक. शेगडीमागे ती एका जागी तापते, कडेला थंड राहते आणि तडकते. तिथे टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, सहा किंवा आठ मिलीमीटरचीच हवी. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. स्विचबोर्डाचे खाचे, नळाची भोकं, सगळं आधी मापून भट्टीत जायच्या आधीच कापायचं. माप अर्धा इंच चुकलं तर अख्खी काच नवी.

आणि रंग. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे मागून पांढरा रंग दिला की पुढून तो हिरवट दिसतो. पांढरीशुभ्र हवी असेल तर एक्स्ट्रा क्लिअर काच मागायची, ती महाग. करडा, बदामी, मेंदी असे रंग साध्या काचेत छान दिसतात.

गवंडीपुत्र:
ताई, सगळं मान्य. पण उद्या पाण्याचा फिल्टर बदलला, नवीन भोक पाडायचंय. टाइलला पाडता येतंय. काचेला काय करायचं?

रेषा_आणि_भिंत:
काही नाही करता येत. म्हणूनच सिंकच्या बाजूला मी काच सुचवत नाही, फक्त सलग कोरड्या भिंतीला.

पुण्यात_अडकलेला:
इथं भाड्याच्या घरात काचच आहे. दिसते भारी, दिवसातून तीनदा पुसली तर. तेलाचे बारीक ठिपके उन्हात असे चमकतात की पाहुणे आले की मी किचनचा पडदा ओढतो. अर्थात इथं फोडणी म्हणजे दोन मोहऱ्या तडतडल्या की झालं. आपल्याकडच्या कटाचं तेल ह्या काचेला सोसेल का, शंका आहे.

रंकाळ्याचा_वारा:
कटाचं तेल सोसेल अशी भिंत अजून जन्माला यायचीय भावा.

नव्या_घरात:
😀 क्वार्ट्जबद्दल पण कुणीतरी सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल.

रेषा_आणि_भिंत:
तुमच्या ह्यांना सांगा, दगड म्हणून विकतात तो पूर्ण दगड नाही. साधारण नव्वद टक्के क्वार्ट्जचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा चिकटा. डागांना तो छान टिकतो, सील करावा लागत नाही. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. कढई भिंतीला टेकली, मोठ्या बर्नरची आच सतत लागली तर तिथे पिवळट डाग पडतो आणि तो घासून जात नाही. सिंकमागे लावा, शेगडीमागे नको. शिवाय दोन फूट भिंतीसाठी स्लॅब घ्यायचा, उरलेला तुकडा कुठे वापरणार? त्या पैशात चांगली चिमणी येते.

आणखी एक, घरात काम चालू असेल तर. क्वार्ट्ज कोरडं कापताना जी धूळ उडते ती फुप्फुसाला घातक, कामगारांना सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने १ जुलै २०२४ पासून हा कृत्रिम दगड बनवण्या-विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. ग्रॅनाइट किंवा टाइल कापतानाही कटरवर पाणी सोडायला लावा आणि कापणाऱ्याच्या तोंडावर नीट मास्क आहे का बघा. रुमाल बांधून काही होत नाही.

काळा_पाषाण:
माझं वेगळंच. काळ्या दगडाचं क्लॅडिंग का नको? आपला बेसॉल्ट, जोतिबाच्या देवळाचा दगड. एकदम कोल्हापुरी लूक.

गवंडीपुत्र:
देवळात फोडणी देत नाहीत दादा. खडबडीत दगडात तेल गेलं की त्यावर धूळ, धुळीवर परत तेल. हॉलच्या भिंतीला लावा, लई शोभंल.

पंचगंगाकाठ:
धागा बघून राहवलं नाही. आमचं घर दुधाळीकडे, तळमजल्यावर. २०१९ च्या पुराच्या आधी किचनला पीव्हीसीची मार्बल शीट लावली होती. एका दिवसात काम, तोडफोड नाही, धूळ नाही, खर्च कमी. दिसायला हुबेहूब संगमरवर. पुराचं पाणी उतरल्यावर सगळ्यांनी घरं धुतली, आम्ही पण धुतलं. शीट वरून पुसून लख्ख. पण पाणी शीटच्या मागं शिरलं होतं आणि गाळ तिथंच बसला होता. वास कुठून येतोय कळेना. शेवटी शीट ओढून काढली, तर मागं भिंतीला काळी बुरशी आणि गिलाव्याचे पापुद्रे हातात आले. शेजाऱ्यांकडे साध्या टाइल्स होत्या. त्यांनी ब्रश मारला, ग्राउट परत भरलं, झालं.

२०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आमच्याकडे टाइलच होती. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की आम्ही धान्य वर चढवतो, निदान भिंतीची काळजी आता नाही. तुम्ही साळोखेनगरात उंचावर आहात, पण नदीकडेचं कुणी हा धागा वाचत असेल तर चिकटवलेलं काहीही, शीट, पॅनेल, प्लायवर लॅमिनेट, खालच्या मजल्यावर लावू नका.

रेषा_आणि_भिंत:
पूर नसला तरी पीव्हीसी शेगडीमागे नकोच. ऐंशी अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. अॅल्युमिनियमचे पातळ पॅनेल, ज्यांना एसीपी म्हणतात, त्यांच्या पोटात बहुधा पॉलिथिन असतं आणि ते पेटतं. दुकानाच्या पाटीला ठीक आहे, गॅसच्या मागे नाही.

उद्यमनगरी:
मी फॅब्रिकेशनमधला. कुणी स्टीलचं नावच काढलं नाही! हॉटेलांच्या भटारखान्यात भिंतीला काय असतं बघा. शेगडीमागं चार बाय अडीच फुटांचा ३०४ ग्रेडचा पत्रा, कडा वळवून, मागं प्लाय न लावता थेट जुन्या टाइलवर. सांधा नाही, आगीची भीती नाही, तांबडा रस्सा उडाला तर गरम पाण्याचं फडकं मारा. घरी हेच आहे.

ग्रेड मात्र बघून घ्या. बरेच जण चुंबक घेऊन येतात आणि चिकटला नाही की ३०४ समजून खूश होतात. स्वस्तातलं २०२ पण चुंबकाला चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं, मिठाच्या पाण्याने काही काळात तांबूस ठिपके येतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या, तोंडी नको. आणि आरशासारखं चकचकीत घेऊ नका, ओरखडे दिसतात. मॅट किंवा हेअरलाइन, म्हणजे बारीक रेषांचं घ्या, आणि पुसताना रेषेच्या दिशेनंच पुसा.

नव्या_घरात:
सासूबाईंना स्टील दाखवलं. म्हणाल्या, "घर हाय का खानावळ?" 😀 पण शेगडीमागं सांधा नको हे आता सगळ्यांनाच पटलंय.

राजारामपुरी_काकू:
पोरी, तुझ्या सासूबाई शहाण्या आहेत. माझ्या जुन्या घरात कट्टा कडप्प्याचा आणि मागं त्याचीच पट्टी होती. लिंबू पिळलं, चिंचेचं पाणी सांडलं की पांढरे डाग, ते कधी गेले नाहीत. संगमरवराचं पण तेच. त्यामुळे कुणी संगमरवरी पट्टी सुचवली तर सरळ नाही म्हण.

दुसरं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करता ना? मिरच्या भाजताना, खोबरं-कांदा परतताना जे तेल आणि धूर उडतो तो रोजच्या स्वयंपाकाच्या दहापट. आता मिरची डंकावर कुटायला देतो, पण भाजणं घरातच. मी त्या दोन दिवशी शेगडीमागं जुनं वर्तमानपत्र गव्हाच्या खळीनं चिकटवते, गॅसपासून हातभर वर. काम झालं की ओलं करून ओढून काढते.

निव्वळ_वाचक:
काकू, कागद गॅसजवळ? पत्रा लावा की हो.

राजारामपुरी_काकू:
हातभर वर म्हटलंय बाळा. आणि मी तिथंच उभी असते.

रेषा_आणि_भिंत:
काकू, तरी पण कागद नकोच. चटणी भाजायला एक छोटी शेगडी बाल्कनीत किंवा गच्चीवर घ्या, भिंतही वाचेल आणि ठसकाही लागणार नाही.

रसायन_मास्तर:
हळदीबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं राहतं, अल्कलीत गेलं की लालसर तपकिरी होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. सिमेंट अल्कलीच. त्यामुळे नव्या पांढऱ्या सिमेंट ग्राउटवर रश्शाचा थेंब पडला की डाग पिवळा न राहता लाल होतो, आणि साबण लावला की आणखी गडद. लोकांना वाटतं मिरचीचा डाग आहे. घाबरून अॅसिड मारू नका, अॅसिड ग्राउटच खातं. खिडकीतून ऊन येत असेल तर चिंता कमी, कारण कर्क्युमिन उन्हात विरतं. सिंककडच्या बाजूला डाग आपोआप फिके पडतील, शेगडीकडच्या कोपऱ्यात पडणार नाहीत.

तेलाचं वेगळं. गरम तेलाची वाफ भिंतीवर बसून हळूहळू हवेशी संयोग पावते आणि चिकट वार्निश तयार होतं. ते आठवड्याच्या आत कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने निघतं, महिन्यांनी खरवडावं लागतं. म्हणजे भिंत कुठलीही असो, रात्री एकदा फडकं मारणं आलंच.

गवंडीपुत्र:
मास्तर, एक नंबर. म्हणूनच मी डॅडोला इपॉक्सी ग्राउट सांगतो. त्यात सिमेंट नसतं, रेझिन आन् हार्डनर मिसळून भरायचं. पाणी, तेल, हळद आत जात नाही. सिमेंट ग्राउटपेक्षा बरंच महाग, पण तीस चौरस फुटांच्या डॅडोला लागतंय किती? बसवणारा सवयीचा पाहिजे. एकदम सगळं कालवलं तर अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं. आन् टाइलवर राहिलेला थर लगेच पुसला नाही तर तो कायमचा धुरकट पडदा बसतो. थोडं थोडं कालव, भर, पूस, मग पुढं.

एक जागा मात्र अशी आहे जिथं इपॉक्सी पण भरायचं नाही. कट्टा आन् डॅडो जिथं भेटतात तो कोपरा. खाली ग्रॅनाइट, वर टाइल, मागं भिंत, तिघं वेगवेगळे हलतात. तिथं काहीही कडक भरलं की केसासारखी चीर पडती. ती दिसत नाही, पण सिंकचं पाणी तिथनं आत जातं, ट्रॉलीचं प्लाय फुगतं आन् झुरळं तिथंच घर करत्यात. तिथं सिलिकॉन भरायचं, न्यूट्रल, बुरशी न धरणारं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन दगडाला लावू नका. आन् डॅडोची टाइल कट्ट्यावर बसली पाहिजे, कट्ट्याच्या मागं घुसता कामा नये. मग पाणी कट्ट्यावरच पडतं.

नव्या_घरात:
सगळ्यांचे खूप आभार. घरात बैठक झाली. ठरलं ते असं: शेगडीमागं दोन बाय चारची व्हिट्रिफाइड आडवी, वर पट्टी. बाकी एक बाय दोनची सिरॅमिक, दोन्ही फिकट बदामी, चकचकीत. पांढरी नको म्हटलं, मास्तरांचं वाचून. ह्यांना क्वार्ट्जच्या बदल्यात मोठी चिमणी मिळाली. दादा, टाइल किती आणू? आणि ग्राउटचा रंग?

गवंडीपुत्र:
शेगडीचे चार फूट सोडले तर नऊमधले पाच आन् सिंककडचे सहा, अकरा फूट गुणिले दोन, बावीस चौरस फूट. एक बाय दोनची टाइल म्हणजे दोन फूट, अकरा नग. खिडकी डॅडोत येत असली तर थोडं कमी, पण ते वजा करू नका. स्विचबोर्डाचे खाचे, कोपरे, तुटफूट धरून तेरा. बॉक्समध्ये पाच असतील तर तीन बॉक्स घ्या, दोन नग उरतील. ते फेकू नका. दोन बाय चारच्या पण दोन घ्या, एक आडवी बसंल आन् दुसरीतनं पट्टी कापून उरलेली ठेवा. सगळ्या बॉक्सवर शेडचा आन् बॅचचा नंबर एकच आहे का दुकानातच बघा. त्याच नावाची टाइल दुसऱ्या बॅचमध्ये वेगळी दिसती, आन् भिंतीवर बसल्यावरच कळतं.

ग्राउट टाइलपेक्षा एक छटा गडद. बदामीला फिकट कॉफी. पांढरं नको.

रेषा_आणि_भिंत:
आणि टाइल लागायच्या आधी इलेक्ट्रिशियनला एकदा परत बोलवा. मिक्सर, फिल्टर, ओव्हन आणि चिमणीचा पॉइंट, सगळ्यांच्या जागा खडूने भिंतीवर काढा. सोळा अँपिअरचा निदान एक जास्तीचा ठेवा. शेगडीच्या मागे बोर्ड नको, सिंकच्या तोटीपासून दोन फूट लांब.

रंकाळ्याचा_वारा:
वास्तुशांतीला तांबडा-पांढरा आहे का? भिंतीची टेस्टिंग करायला आम्ही येतो.

नव्या_घरात:
या की! रश्शाची वाटी मात्र काकूंच्या हातात द्यायची, भिंतीकडे तोंड करून कुणी बसायचं नाही.

कागलकर_नवीन:
धागा वाचला, लई कामाचा. माझा प्रश्न: जुन्या बारा बाय अठरा इंची टाइल्स फोडायच्या नाहीत, त्याच्यावरच नवीन लावता येत्यात का?

गवंडीपुत्र:
येत्यात. आधी नाण्यानं प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ वाजली तर ती काढा आन् खड्डा भरून घ्या. मग चकाकी घासून काढायची, तेलाचा थर सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचा आन् टाइलवर टाइल लावायचं खास अधेसिव्ह वापरायचं. भिंत साधारण अर्धा-पाऊण इंच पुढं येती. नळाची तोटी आन् बोर्डांच्या पेट्या तेवढ्या पुढं घ्याव्या लागतील, ते प्लंबरला आधीच सांगा. ओल असली भिंतीला, पांढरा लोणा फुटत असला, तर मात्र आधी ओल थांबवा, तोवर वर काही लावू नका.